फोटोशिवाय विमान ओळखा (१९१४ पूर्वीची)

एरंडेल
'विमान ओळखा' आपण पूर्वी फोटो टाकून खेळायचो. आता फोटो टाकायचा अवकाश, कुणीतरी तो शोधयंत्राला दाखवतं आणि दोन मिनिटांत उत्तर चिकटवून मोकळं होतं. विमानाकडे कुणी बघतच नाही. म्हणून या धाग्यावर फोटो बंद. ज्याची पाळी असेल त्याने जुन्या फोटोत काय दिसतंय ते शब्दांत मांडायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारत ओळखायचं. काळ अगदी सुरुवातीपासून १९१४ चं युद्ध पेटेपर्यंतचा. विमान उडालेलंच असलं पाहिजे असं नाही. प्रदर्शनात नुसतं मिरवलेलं, धावता धावता मोडलेलं, जमिनीवरून हललंच नाही असलंही चालेल. किंबहुना माझा जीव अशांवरच जास्त. अट एकच: नाव सांगताना ते कशावरून ओळखलं हेही सांगायचं. तुक्का बरोबर लागला तरी पाळी मिळणार नाही.

पहिलं सोपं देतो. माणूस वेताच्या टोपलीत उभा आहे, बसलेला नाही. दोन्ही बाजूंना पेटीपतंगासारखे कप्पे असलेले पंख, टोकांकडे वर उचललेले. लांब मान, तिच्या टोकाला आणखी एक पेटी. प्रोपेलर मानेच्या विरुद्ध टोकाला.

चक्री
सांतोस-द्युमाँ, १४-बिस, पॅरिस, १९०६. टोपलीवरून. गडी मुळात फुगे आणि हवाई जहाजंवाला, त्यामुळे विमानातही उभाच राहिला. नावसुद्धा त्याच्या १४ नंबरच्या हवाई जहाजावरून, कारण विमान आधी त्याच्याखाली टांगून तपासलं होतं. द्या पाळी.

एरंडेल
थांबा, अजून अर्धं राहिलंय. त्या विमानाची दोन उड्डाणं गाजली. २३ ऑक्टोबरचं सुमारे ६० मीटरचं आणि १२ नोव्हेंबरचं २२० मीटरचं. माझ्याकडचा फोटो कुठल्या वेळचा? प्रश्न विचारा.

उगाचच
त्याआधी माझी शंका. याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं? मला हे विमान कायम उलटं उडतंय असं वाटतं.

काटकोन
सगळ्यांनाच वाटतं. मान पुढे, पंख मागे. उंची बदलणारा भाग नाकाशी ठेवायची ही पद्धत राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानातही होती. तेव्हा शेपूट मागेच असायला हवी असा काही कायदा नव्हता. जुन्या फोटोत दिशा ठरवायची असेल तर शेपूट शोधू नका, चालकाचं तोंड कुठे आहे ते बघा.

एरंडेलकाका, माझा प्रश्न: पंखांच्या सगळ्यात बाहेरच्या कप्प्यांत अष्टकोनी पडदे दिसतात का?

एरंडेल
दिसतात.

काटकोन
मग नोव्हेंबर. ऑक्टोबरात विमान आडवं सावरायला काहीच साधन नव्हतं. ते अष्टकोनी पडदे म्हणजे आयलरॉन, नंतर बसवलेले. त्यांच्या तारा चालकाच्या अंगावरच्या पट्ट्याला बांधल्या होत्या. टोपलीत उभं राहून शरीर डावी-उजवीकडे झुकवायचं की पडदे हलणार.

एरंडेल
याला म्हणतात उत्तर. नाव चक्रीने सांगितलं, तारीख काटकोनताईंनी. पाळी चक्रीला, पुढची ताईंना.

चक्री
घ्या मग. सरळ पंख नाहीतच. दोन मोठी वर्तुळाकार कडी उभी केली आहेत, एक नाकाशी, एक शेपटीशी. प्रत्येक कड्याच्या आत आणखी एक कडं. मधे सांगाडा, त्यात चालक. खाली चाकं. प्रोपेलर पुढे.

जुना_फोटो
ब्लेरिओ ३. गोल पंख, १९०६, गाब्रिएल व्हॉइझँबरोबर बनवलेलं.

चक्री
खाली चाकं आहेत म्हटलं ना. ब्लेरिओ ३ तरंडांवर होतं, आंगियँच्या तळ्यावर तपासलं आणि पाण्यावरून उठलंच नाही. शिवाय त्याचे पंख लंबगोल, बाजूंना पसरलेले. इथे पुरतं वर्तुळ.

जुना_फोटो
मग ब्लेरिओ ४? त्याला चाकंही लावली होती.

काटकोन
नाही, त्यात पुढचे पंख साधे दुपंखी केले होते, लंबगोल फक्त मागे उरला. गंमत म्हणजे ते पॅरिसच्या बागातेल मैदानावर मोडलं ते १२ नोव्हेंबर १९०६ लाच. त्याच मैदानावर त्याच दिवशी सांतोस-द्युमाँ २२० मीटर उडाला. ब्लेरिओचं काय झालं असेल बघा.

बिनशेपटी
ली-रिचर्ड्स! इंग्लंड, शोरहॅम, १९१३. वर्तुळाकार पंख.

चक्री
तो पंख जमिनीला समांतर, मधे भोक असलेली चकती म्हणा. आणि ते चांगलं उडायचं. माझी कडी उभी आहेत, हवा त्यांच्यातून आरपार जाते. माझं बिचारं उडालं नाही.

एरंडेल
जिव्होदाँ, १९०९. व्हेर्मोरेल मोटार कारखान्यात बनलं, इंजिनही त्यांचंच. कल्पना अशी की वारा कुठूनही आला तरी कड्याला फरक पडणार नाही. कागदावर ठीक आहे. पण कड्याच्या वरच्या आणि खालच्या कमानी तेवढ्या उचलतात, बाजूचे उभे भाग नुसतं वजन आणि अवरोध वाढवतात. त्या काळच्या अशक्त इंजिनाला हा हिशेब परवडणारच नव्हता.

चक्री
बरोबर. काका, तुम्ही खेळायचं नाही असं ठरवू या का? (हलके घ्या.)

काटकोन
माझी पाळी. एकपंखी विमान, गवतावर उभं, पण सरळ नाही, एका पंखावर रेललेलं. पडलेलं नाही, असंच उभं राहतं. नाकाशी चार पात्यांचा प्रोपेलर. अंगावर पूर्ण कापड, तेव्हाच्या मानाने फार नीटनेटकं काम. इंजिनाचे सिलिंडर पंख्याच्या आकारात वरच्या अर्ध्या भागात पसरलेले.

चक्री
ब्लेरिओ ११. पंख्यासारखं अँझानी इंजिन.

काटकोन
सिलिंडर मोजा की. अँझानीचे तीन. माझ्याकडे त्याहून बरेच जास्त आहेत. आणि ब्लेरिओ ११ चं मागचं अर्धं अंग उघडं असतं, लाकडी जाळी आणि तारा स्पष्ट दिसतात. मी पूर्ण कापड म्हटलंय.

उगाचच
एका पंखावर रेललंय म्हणजे मुख्य चाक एकच आहे का? मधोमध?

काटकोन
शाब्बास. हो. आणि पंखांच्या टोकांनाही एकेक चाक आहे.

जुना_फोटो
मग एस्नो-पेल्तरी, आरईपी! मधे एक चाक, पंखांच्या टोकांना छोटी चाकं, सुटताना सायकल कलंडावी तसं एका बाजूला. सात सिलिंडरचं इंजिन त्याने स्वतः बनवलं, सुमारे ३० अश्वशक्तीचं. पहिलं आरईपी १९०७ चं.

काटकोन
जमलं. पण उगाचचने चाकाचा प्रश्न विचारला नसता तर तुम्ही अजून ब्लेरिओतच अडकला असता, तेव्हा अर्धं श्रेय तिकडे. एक दांडी हातात धरून विमान चालवायची कल्पनाही याच माणसाची. पुढे त्याला विमानं लहान वाटू लागली आणि तो अंतराळप्रवासाच्या गणिताकडे वळला.

थोडं अवांतर, पण नव्या मंडळींसाठी लिहिते. विमान ओळखताना आधी पंख बघू नका. पंख सगळ्यांचे सारखे दिसतात, कारण सगळे एकमेकांचं बघून करत होते. इंजिन बघा. १९०९ च्या आधी बरीच विमानं आंत्वानेत कंपनीचं व्ही-८ इंजिन वापरत. लांबट, दोन ओळींत सिलिंडर. तीन सिलिंडरचा पंखा दिसला तर अँझानी. आणि गोल चक्रासारखं, सिलिंडर सगळीकडे पसरलेलं नोम इंजिन दिसलं की फोटो बहुधा १९०९ च्या उन्हाळ्यानंतरचा. ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधल्या रँसच्या विमान-मेळाव्यात आंरी फारमनने नोम लावून १८० किलोमीटरचं अंतर कापलं आणि त्यानंतर जो तो नोमच्या मागे लागला. एका इंजिनावरून तुमची निम्मी यादी गळते.

मग चाकं आणि घसरपट्ट्या. मग आडवं सावरायची सोय काय आहे, पंख पिळायच्या तारा की आयलरॉन. पंखांची संख्या सगळ्यात शेवटी.

उगाचच
वाचनखूण साठवली. पण चक्रासारखं इंजिन फोटोत धूसर का दिसतं नेहमी?

एरंडेल
कारण ते स्वतःच फिरतं! नोममध्ये मधला दांडा विमानाला पक्का बसवलेला असतो आणि सगळे सिलिंडर प्रोपेलरसकट गरगर फिरतात. त्यात वंगण म्हणून एरंडेल तेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. वापरलेलं तेल धुरासकट बाहेर, थेट चालकाच्या तोंडावर. माझ्या आयडीचा उगम कळला असेलच.

जुना_फोटो
आता माझं. जुनं पोस्टकार्ड आहे. समुद्रावर विमान तरंगतंय, तरंडं नाहीत, म्हणजे ते तिथे असायला नको होतं. मागे कुणीतरी शाईने 'ब्लेरिओ, १९०९' असं लिहिलंय. ते खोटं आहे एवढं सांगतो.

बिनशेपटी
पाण्यावर म्हणजे फाब्र.

काटकोन
फाब्रच्या विमानाला तीन तरंडं होती, ते पाण्यासाठीच जन्मलेलं. शिवाय ते मार्च १९१० चं, पंख मागे, नोम अगदी शेपटीशी, चालक उघड्या तुळईवर बसलेला. जुना_फोटो म्हणतायत की हे चुकून पाण्यात आहे.

प्रश्न: अंगाचा छेद त्रिकोणी आहे का? आणि बाजूंना बारीक नळ्यांची रांग?

जुना_फोटो
दोन्हीला हो. थोडासाच भाग पाण्यावर आहे, पण नळ्या दिसतात.

काटकोन
मग इंजिनवाल्या आंत्वानेतचंच विमान. लव्हाव्हासरची रचना, होडीसारखं निमुळतं अंग. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची वाफ व्हायची आणि ती वाफ त्या बाजूच्या नळ्यांत पुन्हा पाणी व्हायची. तेव्हाच्या दुसऱ्या कुठल्या विमानावर मी हे इतकं ठळक पाहिलेलं नाही. चालक ह्यूबर लाथाम, इंग्लिश खाडी ओलांडायला निघालेला.

चक्री
१९ जुलै १९०९! इंजिन बंद पडलं, पाण्यात उतरला आणि बचावाची बोट येईपर्यंत विमानावर बसून सिगारेट ओढत होता म्हणे. सहा दिवसांनी, २५ तारखेला, ब्लेरिओ पलीकडे पोचला. पोस्टकार्डवाल्याने तिथेच गोंधळ घातला असणार.

जुना_फोटो
घाई नको. लाथाम दोनदा पाण्यात पडला. १९ जुलैला आंत्वानेत ४ घेऊन आणि २७ जुलैला आंत्वानेत ७ घेऊन, तेव्हा तर डोव्हरचा किनारा जवळ आला होता. माझं कुठलं?

एरंडेल
पंखांच्या मागच्या कडेला टोकापाशी बिजागरीचे वेगळे तुकडे दिसतात का? ४ ला आयलरॉन होते, ७ मध्ये ते काढून अख्खा पंख पिळायची सोय केली.

जुना_फोटो
दिसतात. उजव्या पंखाचं टोक पाण्याबाहेर आहे, तिथे.

एरंडेल
मग १९ जुलै. पोस्टकार्डावरचा मजकूर पुरावा म्हणून कधीच धरू नये, हे मी या खेळात सगळ्यात आधी शिकलो. छापणाऱ्याला खपाशी मतलब. जो प्रसिद्ध, त्याचं नाव.

उगाचच
अवांतर: त्या कोआंडाचं विमान या खेळात चालेल का? १९१० चं जेट?

एरंडेल
विमान चालेल, 'जेट' शब्दावर मी हरकत घेईन. ऑक्टोबर १९१० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते उभं होतं याबद्दल वाद नाही. प्रोपेलर नाही, नाकात पिस्टन इंजिनावर फिरणारा झोतपंखा, शेपूट फुलीच्या आकाराची. देखणं होतं. पण ते उडालं ही कथा कोआंडाने कित्येक वर्षांनी सांगितली, त्या वेळच्या बातम्यांत उड्डाण सापडत नाही. पंख्याने हवा मागे फेकणं वेगळं आणि त्या हवेत इंधन जाळणं वेगळं.

बिनशेपटी
+१. हा वाद इथे वाढवू नका, दुसऱ्या धाग्यांवर शेकडो प्रतिसादांची राख झाली आहे.

पाळी कुणाचीच नसेल तर मी घेतो. दुपंखी विमान. वरून बघितलं तर बाणाच्या टोकासारखं, दोन्ही पंख मागे वळलेले. मधे छोटं अंग, त्यात चालक. पंखांच्या टोकांना वरच्या-खालच्या पंखांमधे उभा पडदा. मागे दोन प्रोपेलर, साखळीने फिरणारे.

चक्री
साखळी आणि दोन प्रोपेलर म्हणजे राईट.

काटकोन
राईटचे पंख सरळ असतात, मागे वळलेले नाहीत. बिनशेपटीराव, शेपूट आहे का हो याला?

बिनशेपटी
...

काटकोन
कळलं. आयडीनेच घात केला. डन. ब्रिटिश लष्करातला अधिकारी, सुरुवातीच्या चाचण्या १९०७-०८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अथॉलला गुपचूप झाल्या. प्रोपेलर दोन म्हणून हे त्याचं डी.५, पुढच्या डी.८ ला मागे एकच, चार पात्यांचा.

बिनशेपटी
बरोबर. पण मी हे टाकलं ते नावासाठी नाही. बाकी सगळे विमान हवेत कसंबसं सावरत होते तेव्हा या माणसाला स्वतःहून स्थिर राहणारं विमान हवं होतं. २० डिसेंबर १९१० ला ईस्टचर्चला ऑर्व्हिल राईटसमोर तो उडाला आणि हवेत दोन्ही हात सोडून कागदावर नोंदी लिहीत बसला. राईटांचं विमान असं की क्षणभर दुर्लक्ष केलं तर पलटी खायचं, ते त्यांनी मुद्दाम तसं ठेवलं होतं, हुकमत चालकाच्या हाती राहावी म्हणून. म्हणजे दोन टोकांचे दोन विचार त्या दिवशी एकाच मैदानावर होते. पंख मागे वळवणं आणि टोकांकडे पंखाचा कोन कमी करत नेणं, यातून शेपटीचं काम पंखच करतात. फोटोत टोकं जराशी पिळलेली दिसतात ती त्यामुळे, लाकूड वाकलं म्हणून नाही.

एरंडेल
दंडवत. असे प्रतिसाद हवेत.

जुना_फोटो
एक पटकन घ्या, मग जेवायला जातो. पंख मोजता येत नाहीत. अरुंद पट्ट्या एकावर एक, उभ्या चौकटीत बसवलेल्या, खिडकीच्या पट्टीपडद्यासारख्या. चौकटी एकामागोमाग एक चार.

चक्री
होरेशियो फिलिप्स. आणि चार चौकटी म्हणजे १९०७ चं, सुमारे २०० पट्ट्यांचं. १९०४ च्या विमानात एकच चौकट, २० पंख. १९०७ चं सुमारे दीडशे मीटर उडालं म्हणतात.

उगाचच
हसू येतंय, पण इतक्या पट्ट्या कशासाठी?

एरंडेल
हसू नका, तो त्या पिढीतला फार विचारी माणूस. वरून फुगीर, खालून खोलगट असा पंखाचा छेद जास्त उचलतो हे त्याने वाफेच्या झोतावर चालणाऱ्या वातबोगद्यात तपासलं आणि १८८४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. लांब आणि अरुंद पंख कार्यक्षम असतो हेही त्याला दिसलं होतं. फक्त ते त्याने इतकं ताणलं की पट्ट्या एकमेकींच्या हवेत अडकल्या, आणि त्या सगळ्या चौकटी, तारा यांचा अवरोध इंजिनाला झेपेना. त्याचा छेद मात्र टिकला. तुम्ही आज ज्या विमानात बसता त्याच्या पंखाची वंशावळ फिलिप्सपर्यंत जाते.

चक्री
पाळी माझी. हे मी बरेच दिवस राखून ठेवलंय. एकपंखी. पंख वटवाघळासारखे, घडी घालता येतील असे. पंखांच्या खाली उघडी चौकट, त्यात चालक. चार चाकं, हवा भरलेल्या टायरची. प्रोपेलर पुढे. धूर नाही, धुराडं नाही.

काटकोन
आदेर? वटवाघळाचे पंख म्हटलं की एओल किंवा आव्हिओँ ३.

चक्री
आदेरचं इंजिन वाफेचं. आव्हिओँ ३ ला दोन प्रोपेलर. माझ्याकडे एकच. आणि टायर बघा ना.

जुना_फोटो
१४-बिसच्या आधीचं की नंतरचं?

चक्री
आधीचं. त्याच वर्षातलं, पण काही महिने आधीचं.

काटकोन
मग मार्च १९०६. पॅरिसजवळ मोंतेसाँ. इंजिन पेट्रोलचं नाही, द्रवरूप कार्बन डायॉक्साइड तापवून त्याच्या दाबावर चालणारं, म्हणूनच धूर नाही. बरोबर?

चक्री
बरोबर. नाव?

काटकोन
नाव मी सांगत नाही. उगाचच, तुम्ही सांगा. मोठ्या मोटारीसारखी चार चाकं, एकपंखी, पुढे ओढणारा प्रोपेलर, १८ मार्च १९०६, साधारण १२ मीटरची उडी. आणि माणूस फ्रेंच नव्हे, रोमेनियन.

उगाचच
व्हुइया? त्राइयान व्हुइया?

चक्री
तोच. पाळी उगाचचची.

उगाचच
अहो, माझ्याकडे टाकण्यासारखं काहीच नाही.

एरंडेल
अठ्ठेचाळीस तास आहेत. एखादं शोधा. उडालेलं नसेल तरी चालतं, वर लिहिलंच आहे.